लाईट गेली आणि आकाश ऐकू आलं : घाटघर-नाणेघाट, डिसेंबर २०२३

बाबा टेलिफोन खात्यातून लाईनमन म्हणून रिटायर झाले. मी लहान असताना ते सांगायचे, की रात्रपाळीला ट्रंक लाईनच्या उघड्या तारांना टेस्टफोन लावला की माणसांच्या बोलण्यामागे बारीक तडतड यायची, फोडणीत मोहरी पडल्यासारखी, आणि मधूनच चिमणीसारखं एखादं ‘च्यूं’. त्यांचे साहेब म्हणायचे, लांब कुठेतरी वीज पडतेय, तिकडे लक्ष देऊ नको. बाबांनी मात्र ते लक्षात ठेवलं, आणि चाळीसेक वर्षांनी मी रेडिओचा नाद लावून घेतला तेव्हा कळलं की ते ऐकत होते त्याला नाव आहे. तडतडीला स्फेरिक म्हणतात आणि त्या ‘च्यूं’ला ट्वीक.

वीज कडाडते तेव्हा प्रकाश आणि गडगडाटाबरोबर रेडिओलहरीही निघतात, आणि त्यांचा सगळ्यात जोर असतो काही हजार हर्ट्झवर, म्हणजे आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच. फरक एवढाच की तो आवाज नाही, लहर आहे, कानाला थेट कळत नाही. पण एक दांडी उभी केली, तिला अँप्लिफायर जोडला आणि हेडफोन लावला की झालं, स्टेशन लावायची भानगडच नाही. अडचण एकच, आपल्या घरातली, रस्त्यातली, शेतातली वीज. तिचा ५० हर्ट्झचा घुमारा आणि त्याची पिल्लावळ नेमकी त्याच पट्ट्यात येते. पुण्यात आमच्या गच्चीवर दांडी उभी केली तर फक्त हूंऽऽऽ. म्हणून ठरवलं, तारा नसतील तिथे जायचं, बाबांना घेऊन, आणि जायचंच तर जेमिनिड उल्कावर्षावाला जायचं. २०२३ साली १३ डिसेंबरच्या पहाटे अमावस्या झाली आणि वर्षावाचा कळस १४ च्या रात्री, आपल्याकडे ऐन मध्यरात्रीच्या आसपास. असा योग सोडवेना.

१२ डिसेंबर, मंगळवार : नारायणगाव, खोडद

सकाळी निघालो, अकरापर्यंत नारायणगावात. तिथे माझ्या मैत्रिणीचे मामा राहतात, त्यांच्याकडे जेवण. मामींनी मासवडी केली होती, आणि मी पुण्यात हॉटेलात खाल्लेली मासवडी आणि ही यांचा एकमेकींशी काही संबंध नाही एवढंच लिहिते. बेसनाचं आवरण इतकं पातळ की आतलं तीळ-खोबऱ्याचं सारण दिसत होतं. मामा सगळा वेळ नोव्हेंबरअखेरच्या अवकाळी पावसाबद्दल बोलत होते, द्राक्षं गेली, कांदा गेला. बाबा म्हणाले, त्या रात्री विजा खूप होत्या का हो? मामा म्हणाले, होत्या म्हणजे, दिवस उगवल्यासारखं होत होतं. मला तेव्हा वाटलं की आम्ही जे ऐकायला निघालोय ते कुणाच्या तरी शेतावर पडलेलं असतं, हे विसरायला नको.

दुपारी खोडदला गेलो, जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण रस्त्यावरूनच बघितली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, १४ मधोमध जवळजवळ आणि बाकीच्या १६ तीन दिशांना इंग्रजी वाय आकारात पसरलेल्या. जाळीच्या डिश आहेत, आरपार आभाळ दिसतं, जवळून पाहिल्यावर एवढी मोठी वस्तू इतकी हलकी कशी वाटते याचं नवल वाटत राहतं. ही दुर्बीण उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यात एक कारण हेच, की इथे माणसांचा रेडिओ गोंगाट कमी. पण त्यांचा गोंगाट वेगळा आणि आमचा वेगळा. त्या डिश शेकडो मेगाहर्ट्झवर ऐकतात, आम्ही दोन-तीन किलोहर्ट्झवर, म्हणजे साधारण लाखपट खाली. (तिथे जाणाऱ्यांनी मोबाईल फ्लाईट मोडवर टाकावा, सांगितलं नाही तरी.)

संध्याकाळी मामांच्या उसाच्या बांधावर ट्रायल घेतली. दीड मीटरची दांडी, एक एफईटी ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी, जमिनीत ठोकलेली सळई. हूंऽऽऽ. दोनशे मीटर पुढे गेलो, हूंऽऽ. आणखी पुढे जाणार तर मामा मागून बॅटरी घेऊन धावत आले आणि चांगलेच रागावले, अगं उसात बिबट्या आहे, मागच्या महिन्यात शेजाऱ्याचं वासरू नेलंय. जुन्नर तालुक्यात ही काही घाबरवायची गोष्ट नाही, रोजची आहे. परत आलो.

जाता जाता टिपा : ११ केव्हीच्या लाईनपासून निदान अर्धा किलोमीटर लांब जा, एक किलोमीटर मिळालं तर उत्तम. तारेच्या कुंपणाजवळ उभं राहू नका, कुंपण स्वतःच अँटेना होऊन घुमारा आणतं. झाडाखाली दांडी लावली तर झाड सिग्नल खाऊन टाकतं, मोकळा माळ हवा. सळई ठोकल्यावर तिथे तांब्याभर पाणी ओता, एकदम फरक पडतो.

१३ डिसेंबर, बुधवार : जुन्नर, घाटघर

जुन्नरहून आपटाळ्याच्या रस्त्याने घाटघर. चावंड किल्ला डावी-उजवीकडे येत जात राहतो, मग जीवधन किल्ला समोर उभा राहतो आणि त्याच्या बाजूचा तो सुळका, वानरलिंगी. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरं वाळलेली, दारादारात पेंढ्याचे उडवे. गाडीच्या काचा उघड्या ठेवल्या तर थंड पेंढ्याचा वास येत होता.

राहायची सोय गावातल्या एका मावशींकडे झाली, महादेव कोळी कुटुंब, मावशी, त्यांचे मालक आणि आठवीतला नातू. मी सामान काढायला लागले तर नातवाने विचारलं, ताई ही काठी कशाला? म्हटलं, वीज ऐकायला. तो म्हणाला, वीज ऐकायला काठी कशाला, पावसाळ्यात या, कान फुटतील. बाबा हसले आणि दोघं तिथेच अंगणात बसले. बाबांनी त्याला खडूने जमीन काढून दाखवली, वर आयनोस्फिअर नावाचं छत, म्हणजे हवेचा खूप उंचावरचा विद्युतभारित थर, काढलं आणि मधल्या बोळातून वीज कशी धडका घेत हजारो किलोमीटर धावते ते समजावलं. मी अभ्यास करून जे शिकले ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, मला वाटतं तारांवर आयुष्य गेलेल्या माणसाला ते हातानेच कळत असणार.

रात्री जेवायला हुलग्याची शेंगोळी आणि नाचणीची भाकरी. लसूण भरपूर, वरून गोडंतेल. थंडीत यापेक्षा चांगलं काही नसतं.

जेवून आम्ही चौघं, मी, बाबा, नातू आणि आजोबा, गावाबाहेर माळावर गेलो, कुत्रा मागे होताच. घुमारा कालच्यापेक्षा कमी, पण होता. त्याच्यामागे तडतड पुसट कळत होती, धुक्यातून दिसल्यासारखी. मी वायर हलवतेय, सळई बदलतेय, आणखी लांब जायचं का विचारतेय, आणि नऊला पाच-दहा मिनिटं कमी असताना हेडफोनमधला घुमारा कुणीतरी सुरीने कापल्यासारखा बंद झाला.

मला वाटलं बॅटरी गेली. मान वर केली तर गाव नाही. गावातली लाईट गेली होती, सगळी, पलीकडच्या वाड्यांचीही.

आणि कानात आकाश. कसं लिहू कळत नाही. तडतड नव्हे, लाह्या फुटाव्यात तसं, जवळच्या, लांबच्या, खूप लांबच्या, एकावर एक, आणि त्यांच्यामधून ते च्यूं, च्यूं, टिऊं, प्रत्येक वेगळा, दगडावरून गोळी घसरून जावी तसा शेवटी खाली ओढला गेलेला. मी हेडफोन काढून बाबांच्या कानाला लावला. बाबांना आता वरचे स्वर ऐकू येत नाहीत, पक्ष्यांचे आवाज कित्येक वर्षं त्यांना गेलेत, पण ट्वीकची शेपूट साधारण १७०० हर्ट्झला येऊन थांबते, ते त्यांच्या कानात अजून शिल्लक आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हाच. हाच तो.

शेपूट तिथेच का थांबते याचं कारण फार सुंदर आहे. रात्री ते छत ८५-९० किलोमीटरवर असतं. त्या उंचीच्या दुप्पट लांबीपेक्षा मोठी लहर वरखाली धडका घेत पुढे सरकूच शकत नाही, आणि ८८ किलोमीटर धरले तर ती सीमा बरोबर १७०० हर्ट्झच्या आसपास येते. सीमेच्या जवळचे स्वर रेंगाळत येतात म्हणून आवाज खाली ओढल्यासारखा वाटतो. म्हणजे एका ट्वीकवरून आकाशाच्या छताची उंची मोजता येते, तीही दीड मीटरच्या दांडीने! दिवसा हेच छत ७० किलोमीटरच्या आसपास उतरतं आणि लहरी शोषून घेतं, म्हणून दिवसा नुसती कोरडी तडतड.

डिसेंबरात आपल्या डोक्यावर ढग नसतात, तर या विजा कुठल्या? इंडोनेशियाच्या, दक्षिण आफ्रिकेच्या, मध्य आफ्रिकेच्या. उपग्रहांनी मोजलंय, पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरी ४४ विजा चमकतात. नातवाला हे सांगितलं तर त्याने हेडफोन लावून डोळे मिटले आणि विचारलं, यातली आफ्रिकेची कुठली? त्याचं उत्तर माझ्याकडे एका दांडीने देता येण्यासारखं नव्हतं.

गावात मात्र लोक वैतागले होते. मावशींची पाण्याची मोटर अर्ध्यावर राहिली, टाकी भरलीच नाही, सकाळी त्यांना दोन खेपा हंड्याने माराव्या लागल्या. मला झालेला आनंद त्यांच्यासमोर दाखवता येईना. त्यांना ते कळलं बहुतेक, कारण त्या म्हणाल्या, तुझं काम झालं ना, मग झालं, पाणी काय, येतं. सकाळच्या एका खेपेला मी गेले त्यांच्याबरोबर. त्या रात्री माळावर पाऊण तासाने लाईट आली आणि कानात पुन्हा हूंऽऽऽ, पण आता त्याच्यामागे काय आहे ते माहीत होतं.

१४ डिसेंबर, गुरुवार : नाणेघाट, आणि रात्र

दिवसा नाणेघाट. रांजण, ती अरुंद दगडी वाट, लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख. त्या ब्राह्मी लेखात यज्ञांत दिलेल्या दानाचे आकडे कोरलेत, आपल्या जुन्यात जुन्या अंकांपैकी ते आहेत. बाबा बराच वेळ त्या भिंतीसमोर उभे होते. कड्यावर वारा एवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं, खाली कोकण पार निळं झालेलं.

रात्रीची जागा आम्ही दिवसाच शोधून ठेवली, गावापासून आणि लाईनपासून दीडेक किलोमीटरवर, जीवधनच्या आडोशाला. मुद्दाम आडोशाला, कारण कड्यावर मुंबईची एफएम स्टेशनं खणखणीत लागतात आणि उल्का ऐकायच्या तर एफएमचा रिकामा कोपरा लागतो. त्याचं असं आहे. उल्का साधारण १०० किलोमीटर उंचीवर जळते तेव्हा मागे तापलेल्या विद्युतभारित हवेची रेघ सोडते. एरवी क्षितिजाआडच्या, आठशे-हजार किलोमीटरवरच्या स्टेशनचे सिग्नल आपल्याकडे येत नाहीत, पण ती रेघ त्यांच्यासाठी क्षणभर आरसा होते. रिकाम्या जागी रेडिओ लावून ठेवायचा, खरखर ऐकत बसायचं, आणि मधूनच कुठल्यातरी अनोळखी गावाचं अर्धा सेकंद गाणं. छोटी रेघ असेल तर नुसता ‘टिक’, मोठी असेल तर तीन-चार सेकंद चालतं.

काम वाटून घेतलं. मी आडवी होऊन डोळ्यांनी मोजायचं, बाबांनी एफएमवर कानांनी मोजून वहीत रेघा ओढायच्या, नातवाने ट्वीकचं रेकॉर्डिंग सांभाळायचं. साडेदहाला सुरुवात. मिथुन रास पूर्वेला चांगली वर आली होती, पुनर्वसूचे दोन तारे, त्यातल्या कॅस्टरजवळून उल्का पसरताना दिसतात. जेमिनिडचा वेग सेकंदाला ३५ किलोमीटर, इतर मोठ्या वर्षावांच्या मानाने सावकाश, त्यामुळे डोळ्याला पकडायला वेळ मिळतो. बाकीचे वर्षाव बहुतेक धूमकेतूंचे, हा फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा, तो १९८३ साली सापडला.

अकरा ते बारा : मी ४४, बाबा ५८. बाबांना एकदा चार सेकंद बाईचा आवाज लागला, तमिळ की तेलुगू आम्हाला ठरवता आलं नाही, आणि त्याच क्षणी डोक्यावरून हिरवट पांढरी उल्का मृगाच्या खाली गेली आणि धूर राहिला. ती आणि तो आवाज एकच होते का हे खात्रीने सांगता येत नाही, पण तिघंही एकदम ओरडलो.

दोन ते तीन : मी ६७, बाबा २३. बाबा अस्वस्थ झाले, रेडिओ बिघडला का बघ म्हणाले. रेडिओ ठीक होता. अडीचच्या सुमारास मिथुन जवळजवळ डोक्यावर येते, उल्का सरळ खाली पडल्यासारख्या येतात, रेघा उभ्या पडतात, आणि उभा आरसा लांबच्या स्टेशनचा सिग्नल आपल्याकडे वळवू शकत नाही. रेडिओला उल्का अर्ध्या आभाळावर असलेल्या बऱ्या, डोळ्याला माथ्यावर. मी हे वाचलेलं होतं, पण वहीत बाबांच्या रेघा कमी होत जाताना पाहिल्यावर खरं समजलं.

मध्ये आजोबा चहा घेऊन आले, किटली गोधडीत गुंडाळून. त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली, की एकदा रानात रात्री एवढी मोठी उल्का गेली की चांदणं पडलं, आणि ती जातानाच कानाजवळ सळसळ झाली. लोक म्हणाले म्हाताऱ्याला भास झाला. मला हे ऐकून काटा आला, कारण असे अनुभव जगभर नोंदलेले आहेत, अगदी एडमंड हॅलीनेही १७१९ च्या मोठ्या उल्केबद्दलच्या अशा साक्षी गोळा केल्या होत्या आणि कल्पना म्हणून सोडून दिल्या. कारण खरा आवाज पोचायला काही मिनिटं लागतात, तो प्रकाशाबरोबर येणं शक्य नाही. १९८० साली कॉलिन के या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञाने मांडलं, की मोठी उल्का अशाच अति कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडत असेल आणि जवळचं गवत, केस, चष्म्याची काडी त्याने थरथरून आवाज होत असेल. वाद अजून आहे, प्रकाशानेच वस्तू तापून आवाज होतो असंही पुढे मांडलं गेलं. पण उल्का स्वतः रेडिओ सोडतात हे मात्र २०१४ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या दुर्बिणीने दाखवलं, २० ते ६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोठ्या उल्कांची शेपटी चमकत राहते. आजोबांना सांगितलं, तुमच्या वडिलांना भास झाला असं कुणी ठामपणे म्हणू शकत नाही. ते नुसते ‘हां’ म्हणाले आणि कपात आणखी चहा ओतला.

व्हिसलर नावाची शिट्टी मात्र ऐकू आली नाही, आणि येईल अशी आशा धरून कुणी महाराष्ट्रात येऊ नये म्हणून स्पष्ट लिहिते. व्हिसलर म्हणजे विजेचीच लहर, पण आयनोस्फिअर फोडून बाहेर गेलेली, पृथ्वीच्या चुंबकीय रेषेवरून दुसऱ्या गोलार्धात उतरलेली, आणि वाटेत वरचे स्वर पुढे, खालचे मागे पडल्याने लांब उतरत्या शिट्टीसारखी झालेली. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला ती सापडली, १९१९ मध्ये त्याने लिहिलं. १९५३ साली ओवेन स्टोरीने तिचा मार्ग उलगडला, आणि पृथ्वीभोवतीची जागा वाटते तेवढी रिकामी नाही हे एका शिट्टीवरून कळलं. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, इथल्या रेषा ठेंगण्या. भारतात या शिट्ट्या वाराणसी, नैनिताल, गुलमर्गला नोंदल्या गेल्यात. पहाटेच्या पक्ष्यांच्या किलबिलाटासारखा, कोरस नावाचा आणखी एक रेडिओ आवाज ऐकायचा तर आणखी उत्तरेला, ध्रुवाकडे जावं लागतं.

तरी आमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक माणसाची खूण आली. घरी कॉम्प्युटरवर पट्टा उलगडला तर १८.२ किलोहर्ट्झवर सरळ रेघ, ती तमिळनाडूतल्या नौदलाच्या केंद्राची, पाणबुड्यांसाठी. इतक्या खालच्या लहरी समुद्राच्या पाण्यात थोड्या शिरतात.

टिपा : दंव पडतं आणि इतकं पडतं की साडेतीनला गोधडी पिळायची वेळ आली, प्लास्टिकचा कागद न्याच. गावात विचारल्याशिवाय रात्री बाहेर थांबू नका, एकट्याने तर नकोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वळवाच्या दिवसांत किंवा जवळ गडगडाट असताना दांडी उभी करायची नाही. ज्या विजा ऐकायच्या त्या दोन हजार किलोमीटरवरच्या.

१५ डिसेंबर, शुक्रवार : परत

सहाच्या सुमारास पूर्व उजळायला लागली आणि ट्वीक एकेक करून गळाले. शेपटी आखूड होत गेली, मग नुसत्या लाह्या, मग कोरडी तडतड. छत खाली येताना ऐकलं.

जुन्नरात पोचल्यावर फोनला रेंज आली आणि कळलं, की आदल्या रात्री १० वाजून ३२ मिनिटांनी, म्हणजे आम्ही मोजणी सुरू केली त्याच वेळी, सूर्यावर एक्स २.८ ची ज्वाळा उठली होती (एक्स म्हणजे सर्वात जोरदार वर्ग), २०१७ नंतरची तोपर्यंतची सर्वात मोठी. अमेरिकेच्या बाजूला दिवस होता, तिकडे शॉर्टवेव्ह काही काळ बंद पडली. आम्हाला काहीच जाणवलं नाही, सूर्य आमच्या पायाखाली होता आणि मध्ये अख्खी पृथ्वी.

गाडीत बाबांना अलिबागचं सांगितलं, की मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला न्यावी लागली. बाबा म्हणाले, म्हणजे तेव्हापासून आपलं हेच चाललंय, करंट पुढे आणि आपण मागे मागे.

बाबांनी स्वतः जोडलेला दुसरा रिसीव्हर नातवाकडे ठेवून आलो, दांडी, सळई, एक जुना रेकॉर्डर आणि वळवाच्या दिवसांत हात लावणार नाही अशी त्याच्या आजीसमोर घेतलेली शपथ. परवा रात्री साडेआठला त्याचा फोन आला. ताई, लाईट गेली, मी आणि आजोबा निघालो. दुसऱ्या दिवशी जुन्नरला गेलेल्या कुणाकडून रेकॉर्डिंग आलं, सहा मिनिटांचं. मध्येच लाह्यांच्या आवाजावर त्याचा स्वतःचा आवाज आलाय, तो आजोबांना सांगतोय, थांबा, बोलू नका. पहिल्या मिनिटात बाबांनी अकरा ट्वीक मोजले.